पहिला डिट मऊ, पुढचे सगळे खटखटीत: स्विचिंग पीएच्या कीइंगचं जुनं दुखणं

"सिग्नल छान आहे, पण दोन किलोहर्ट्झ बाजूलाही तुमची टकटक ऐकू येते." मी हौशी रेडिओवर मोर्समध्ये बोलतो. डिट म्हणजे त्यातला आखूड ठोका, पीए म्हणजे ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यातला पॉवर अ‍ॅम्प्लिफायर, आणि कीइंग म्हणजे की, म्हणजे मोर्सची कळ, दाबून तो चालू-बंद करणं. हा निरोप पहिल्यांदा आला तेव्हा मी तो सांगणाऱ्याच्या रिसिव्हरवर ढकलून दिला. दुसऱ्यांदा आला तेव्हा कीला समांतर एक कॅपॅसिटर टाकला, डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावलेल्या रोधावर) ऐकलं, बरं वाटलं, झाकण लावलं. महिन्याभराने तिसऱ्याने तेच सांगितलं. ये रे माझ्या मागल्या.

ट्रान्समीटर साधाच आहे. ७ मेगाहर्ट्झ, पाच वॅट, शेवटच्या टप्प्यात तीन बीएस१७० मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) समांतर, क्लास-ई (त्यांना स्विचसारखं वापरणारा पीए), पुरवठा १३.८ व्होल्ट. वारंवारता एसआय५३५१ या चिपमधून येते आणि एका लॉजिक गेटमधून थेट मॉस्फेटच्या गेटवर, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर, जाते. क्लिक (ती टकटक) घालवला की चर्प (ठोक्यामध्ये सूर सरकणं) यायचा, चर्प घालवला की मॉस्फेट जायचे, मॉस्फेट बदलले की क्लिक परत हजर. प्रत्येक वेळी मी जिथे दुखत होतं तिथेच लेप लावत होतो, आणि मूळ मात्र दुसरीकडे होतं. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

जुने उपाय इथे का लागू पडत नाहीत

की-क्लिकवर मिळणारे बरेचसे सल्ले लिनियर पीएच्या काळातले आहेत. तिथे कुठल्यातरी लहान सिग्नलच्या टप्प्यावर मऊ चढ-उतार दिला की पीए तोच आकार मोठा करून बाहेर काढतो. स्विचिंग पीए आकार मोठा करत नाही. त्याचं काम एकच: मॉस्फेट एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. चालू असताना त्यावर व्होल्टेज जवळजवळ नसतं, बंद असताना प्रवाह नसतो, म्हणून उष्णता कमी. नेथन सोकल आणि त्यांचा मुलगा अ‍ॅलन यांनी १९७५ साली मांडलेल्या क्लास-ईची सगळी गंमत यातच आहे. (हाच अ‍ॅलन पुढे भौतिकशास्त्रज्ञ झाला आणि १९९६ मध्ये एका नियतकालिकात मुद्दाम थोतांड लेख छापून आणून गाजला. पण ते असो.)

आता अशा पीएच्या गेटवर पाच मिलिसेकंदांत हळूहळू चढणारा ड्राइव्ह (गेटला दिला जाणारा सिग्नल) देऊन पाहा. बीएस१७० चा थ्रेशोल्ड (चालू व्हायला लागणारं गेटचं व्होल्टेज) साधारण दोन व्होल्टच्या आसपास. तिथपर्यंत ड्राइव्ह चढेस्तोवर बाहेर काहीच नाही. तो ओलांडला की थोड्याच अंतरात मॉस्फेट पूर्ण स्विच करायला लागतो आणि बाहेरची शक्ती धाडकन वर जाते. तुम्ही दिलेल्या पाचातला एखादाच मिलिसेकंद प्रत्यक्ष कामाला आला, बाकीचे वाया. शिवाय त्या मधल्या काळात मॉस्फेट ना धड चालू ना धड बंद, म्हणजे तापतो. वहनकाळही बदलतो, त्यामुळे बाहेरच्या सिग्नलची फेज सरकते. क्लिक तसाच राहिला, वर उष्णता आणि फेजचा घोळ पदरात.

क्लास-ईमध्ये बाहेरचं आरएफ (रेडिओ वारंवारतेचं) व्होल्टेज ड्रेनच्या, म्हणजे मॉस्फेटच्या पुरवठ्याकडच्या पायाच्या, पुरवठ्याच्या प्रमाणात असतं. पुरवठा अर्धा केला की व्होल्टेज अर्धं, शक्ती पाव. म्हणजे आकार द्यायचा तो पुरवठ्याला. ड्राइव्ह त्या सगळ्या काळात पूर्ण आणि अखंड हवा. क्रम असा: की दाबली की आधी ड्राइव्ह, तो स्थिर झाला की पुरवठ्याचा चढ. की सोडली की आधी पुरवठ्याचा उतार, तो शून्यावर टेकला की मग ड्राइव्ह बंद. माझ्या ट्रान्समीटरचा जवळजवळ प्रत्येक दोष हा क्रम कुठेतरी मोडल्यामुळे होता, आणि मला ते कळायला वर्ष गेलं.

आधी क्लिक खरंच बाहेर जातोय का ते बघा

स्वतःचा सिग्नल शेजारच्या रिसिव्हरवर ऐकून निर्णय घेऊ नका. त्या अंतरावर रिसिव्हर इतका दबलेला असतो की एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा) आणि म्यूट मिळून स्वतःच क्लिक तयार करतात. ट्रान्समीटर डमी लोडवर ठेवा, रिसिव्हरची अँटेना काढून तिथे तारेचा छोटा तुकडा लावा, एजीसी बंद करा, मग एक-दोन किलोहर्ट्झ बाजूला ऐका. आता त्या तारेच्या आणि रिसिव्हरच्या मधे २० डीबीचा अ‍ॅटेन्युएटर टाका. टोन आणि क्लिक दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आले, तर क्लिक खरा आहे. टोन २० डीबीने उतरला आणि क्लिक पार गायब झाला, तर तो तुमच्या रिसिव्हरचा होता.

खरं निदान स्कोपवर, म्हणजे ऑसिलोस्कोपवर, होतं. पाच वॅटला ५० ओहमवर शिखर ते शिखर ४५ व्होल्ट मिळतात, तेव्हा लहान सिग्नलची चिंता नाही. स्कोप जुना किंवा मंद असेल तर डमी लोडवरून एक डायोड, एक नॅनोफॅरड आणि दहा किलोओहम असा डिटेक्टर लावा. त्याचा काळ-स्थिरांक दहा मायक्रोसेकंद, मिलिसेकंदांचा आकार पाहायला तो भरपूर वेगवान आहे. डायोडवर पडणारं व्होल्टेज त्याला झेपेल असाच डायोड घ्या. दुसरा चॅनेल की-लाइनवर, ट्रिगरही तिथूनच. आणि कीअरवरून (मोर्सचे ठोके आपोआप काढणाऱ्या यंत्रावरून) डिटची माळ सोडा. २० शब्द प्रति मिनिटाला एक डिट ६० मिलिसेकंदांचा असतो, पडद्यावर दोन-तीन आरामात मावतात.

एकच डिट बघून समाधान मानू नका. माझं वर्ष तिथेच वाया गेलं.

पहिला डिट आणि दुसरा डिट

मी स्कोपवर सिंगल-शॉट लावून की एकदा टेकवायचो आणि पडद्यावर सुंदर आकार यायचा: पाच मिलिसेकंदांचा चढ, आणि त्याच्याशी जुळणारा पुरवठ्याचा आलेख. मग हवेवर जायचो आणि तक्रार तीच. शेवटी एकदा डिटची माळ चालू असताना ट्रिगर मारला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. चढ नव्हताच. आरएफ भिंतीसारखं उभं होतं, आणि शेवटही तसाच कापलेला.

खूण मात्र पहिल्या दिवसापासून समोर होती. पीएच्या पुरवठ्यावर मी एक लाल एलईडी लावला होता, दहा किलोओहममधून. की सोडल्यावर तो विझायचा नाही, काही सेकंद मंद होत जायचा. मला ते दिसायला छानच वाटायचं.

झालं होतं असं. कीइंगच्या पी-चॅनेल मॉस्फेटनंतर (तो पीएचा पुरवठा चालू-बंद करतो), म्हणजे पीएच्या बाजूला, मी ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावला होता, पुरवठ्यातली गुरगुर मारायला. आणि ड्राइव्ह थेट कीबरोबर चालू-बंद होत होता. की सोडली की ड्राइव्ह त्याच क्षणी बंद, म्हणजे आरएफ कापलं गेलं. हा शेपटीचा क्लिक. ड्राइव्ह बंद म्हणजे पीए प्रवाह ओढत नाही, म्हणजे त्या ४७० मायक्रोफॅरडमधला भार जायला वाटच नाही, एलईडी सोडला तर. दहा किलोओहम गुणिले ४७० मायक्रोफॅरड म्हणजे ४.७ सेकंद. पुढचा डिट त्याआधी कितीतरी लवकर येतो आणि त्याला पुरवठा आयता भरलेला मिळतो. हा सुरुवातीचा क्लिक. दहा-पंधरा सेकंद थांबून टेकवलेला पहिला डिट तेवढा मऊ.

त्या पहिल्या डिटचीही किंमत होती. ४७० मायक्रोफॅरड पाच मिलिसेकंदांत १३.८ व्होल्टपर्यंत चढवायला १.३ अँपिअर लागतात, पीएचा स्वतःचा प्रवाह वेगळा.

उपाय दोन मिनिटांचा. मोठा कॅपॅसिटर उचलून कीइंग मॉस्फेटच्या आधी, मुख्य पुरवठ्याच्या बाजूला नेला. पीएकडे फक्त ०.१ आणि १ मायक्रोफॅरड ठेवले. पीए पुरवठ्याला साध्या रोधासारखा दिसतो: १३.८ व्होल्टला माझा पीए साधारण ०.४२ अँपिअर घेतो, म्हणजे ३३ ओहम. ३३ ओहम आणि १ मायक्रोफॅरड मिळून ३३ मायक्रोसेकंद. आता आकार पूर्णपणे कीइंग मॉस्फेटच्या हातात आला.

हाच हिशोब उलटा वापरून काही जण फक्त कॅपॅसिटरवर भागवतात: ३३ ओहमला ६८ मायक्रोफॅरड लावला तर काळ-स्थिरांक सव्वादोन मिलिसेकंदांचा, म्हणजे उतार १० ते ९० टक्क्यांत जेमतेम पाच मिलिसेकंदांचा होतो. ड्राइव्ह शेवटपर्यंत चालू ठेवला तर हे चालतं. पण चढताना कॅपॅसिटर आणि पीए यांच्या मागे पुरवठ्याचा अगदी लहान रोध असतो, त्यामुळे चढ जवळजवळ उभाच राहतो. अर्धं काम.

ड्राइव्ह आधी कापला तर मॉस्फेट का जातात

हा भाग मी सावकाश लिहितोय, कारण इथे पैसे जातात.

क्लास-ईमध्ये सगळं नीट जुळलेलं असतानाही ड्रेनवरचं शिखर पुरवठ्याच्या ३.५६ पट असतं. १३.८ ला ते ४९ व्होल्ट. बीएस१७० ची मर्यादा ६० व्होल्ट. म्हणजे हातात अकरा व्होल्ट उरतात, आणि अँटेना बिघडलेली असेल तर तेही नाहीत.

आता चोककडे, म्हणजे पुरवठा आणि ड्रेन यांच्यामधल्या कॉइलकडे, बघा. पाच वॅटला १३.८ व्होल्टवर लागणारा लोड साधारण २२ ओहम निघतो (०.५७७ गुणिले पुरवठ्याचा वर्ग, भागिले शक्ती). त्याच्या तीसेक पट रिअ‍ॅक्टन्स धरला तर चोक १५ मायक्रोहेन्रीचा. ड्रेनपासून जमिनीकडचा कॅपॅसिटर हिशोबाने १९० पिकोफॅरड. ड्राइव्ह मधेच बंद केला आणि पुरवठा चालूच असला, तर चोकमधले ०.४ अँपिअर अचानक कुठे जाणार? त्या १९० पिकोफॅरडमध्ये. चोक आणि कॅपॅसिटरचा मिळून स्वभाव-रोध २८० ओहम, गुणिले ०.४, म्हणजे ११० व्होल्टचा उसळा, तोही पुरवठ्याच्या वर. बाकीचं जाळं त्यातलं थोडं खातं, पण हा उसळा ७ मेगाहर्ट्झच्या बराच खाली असतो, त्यामुळे ७ ला जुळवलेलं सर्किट त्याला अँटेनाकडे फारसं जाऊ देत नाही. उरलेलं मॉस्फेटच्या आतच, अ‍ॅव्हलांशमध्ये (जास्त व्होल्टेजने होणाऱ्या ब्रेकडाउनमध्ये) जिरतं. एकदा जिरलं तर काही होत नाही. डिटमागे एकदा, आणि एका संपर्कात हजारो डिट.

माझे मॉस्फेट नेहमी "अचानक" जायचे. अचानक काही नव्हतं, रोज थोडे थोडे मरत असावेत.

पुरवठा आधी शून्यावर आणला की चोकमधला प्रवाहही त्याच्याबरोबर उतरतो. मग ड्राइव्ह कधीही काढा, उसळायला काही शिल्लकच नसतं. क्रम बदलल्यापासून एकही बीएस१७० गेलेला नाही, अपवाद एका संध्याकाळचा, आणि तो दोष माझा होता.

की दाबताच धूर

त्या संध्याकाळी मी ड्राइव्हसाठी हाताशी होता म्हणून ७४एसी०० लावला. त्यात नँड गेट असतात. एका पायावर वारंवारता, दुसऱ्यावर की. की सुटली की तो पाय शून्य, आणि नँडचा एक पाय शून्य असला की बाहेर एक. म्हणजे की सोडल्यावर गेटवर अखंड पाच व्होल्ट, तिन्ही मॉस्फेट घट्ट चालू, आणि पुरवठा चोकमधून थेट जमिनीला. पुरवठा शून्यावर असेपर्यंत काहीच कळलं नाही. पुढचा डिट दाबला तेव्हा चढाच्या सुरुवातीला ड्राइव्ह यायला थोडा उशीर झाला, आणि तेवढ्यात एकाचं पोट फुटलं. वास आला तेव्हा मी अजून कीच्या स्प्रिंगचा ताण लावत होतो.

७४एसी०८ म्हणजे अँड गेट लावला, की सुटली की बाहेर शून्य. प्रश्न मिटला. एसआय५३५१ चा आउटपुट थेट वापरणाऱ्यांनी त्याची बंद-अवस्था तपासून घ्यावी. मुळात ती "लो" असते, पण रजिस्टर बदलून "हाय" किंवा तरंगती ठेवता येते आणि कुठल्यातरी उसन्या कोडमध्ये तशी ठेवलेली असू शकते. मायक्रोकंट्रोलर सुरू होताना त्याचे पायही काही काळ तरंगतात. गेटपासून जमिनीला दहा किलोओहमचा रोध हा सगळ्यात स्वस्त विमा. आणि चाचणी करताना करंट-लिमिट असलेला पुरवठा वापरा, मर्यादा ०.६ अँपिअर.

पुरवठ्याला आकार द्यायचा कसा

मला पटलेली पद्धत: पी-चॅनेल मॉस्फेट, त्याच्या ड्रेनपासून गेटला एक कॅपॅसिटर, आणि गेट एका रोधातून की-ट्रान्झिस्टरकडे. हा मिलर इंटिग्रेटर. तो घातांकी वाकडा चढ न देता सरळ रेषेतला देतो. चढाच्या मध्यावर या मॉस्फेटवर पीएच्या एकूण शक्तीच्या पाव, म्हणजे माझ्याकडे दीड वॅटच्या आत उष्णता पडते, आणि तीही काही मिलिसेकंद. हीटसिंक लागत नाही.

सरळ रेषा पुरेशी आहे का? एकदम चालू-बंद केलेल्या सिग्नलचे बाजूचे घटक दर दुप्पट अंतराला ६ डीबीने उतरतात. सरळ चढ दिला तर १२ डीबीने. दोन्ही टोकं गोल केलेला एस-आकार दिला तर १८ डीबीने. म्हणजे फक्त चढ लांबवत बसण्यापेक्षा कोपरे गोल करण्यात जास्त फायदा. मी इंटिग्रेटरच्या आधी एक छोटा आरसी टाकून कोपरे थोडे मोडले. ज्यांना मायक्रोकंट्रोलरमधून टेबल वाचून पीडब्ल्यूएमने खरा रेझ्ड-कोसाइन (गोल कोपऱ्यांचा एस-आकार) काढता येतो त्यांनी जरूर काढावा. माझ्या कानाला त्यातला फरक ऐकू आला नाही, वॉटरफॉलवर (स्पेक्ट्रमच्या पडद्यावर) मात्र दिसतो.

पाच मिलिसेकंद हा सर्वसाधारण आकडा. ३० शब्दांच्या वेगाला डिट ४० मिलिसेकंदांचा, तिथे दहा-दहाचे चढ-उतार दिले तर अक्षरं पिठासारखी होतात. गरज तशी फार मोठी नसते: आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) हिशोबाने २५ शब्दांच्या मोर्सला १०० हर्ट्झ पुरतात. दोन किलोहर्ट्झ बाजूला जे जातं ते सगळं फुकटचं.

या इंटिग्रेटरची एक खोड आहे. की दाबल्यावर गेटला थ्रेशोल्डपर्यंत तीन-चार व्होल्टच खाली यायचं असतं. पण दाबलेल्या अवस्थेत गेट पार खाली जाऊन बसतं, आणि की सोडल्यावर तिथून वर यायला त्याला बराच जास्त वेळ लागतो. उतार उशिरा सुरू होतो, डिट फुगतात, मधली जागा आक्रसते. ऐकणाऱ्याला तुमचा हात जड वाटतो. सोर्स आणि गेटच्या मधे ६.२ व्होल्टचा झेनर टाकून गेटची धाव आवरली की दोन्हीकडचा उशीर जवळपास येतो. उरलेला फरक कीअरच्या वेटिंगमध्ये (ठोका आणि जागा यांच्या प्रमाणात) काढा.

ड्राइव्ह मागे रेंगाळत ठेवायला मायक्रोकंट्रोलर नसला तरी चालतं. की-सिग्नल डायोडमधून ०.१ मायक्रोफॅरडवर न्या, त्याला समांतर १०० किलोओहम, पुढे ७४एचसी१४ चे दोन श्मिट इन्व्हर्टर. की दाबली की डायोडमधून लगेच भरतो, सोडली की रोधातून हळू रिकामा होतो. दहा मिलिसेकंदांच्या आसपासची मुदत मिळते, पाचाचा उतार आणि त्याआधीचा उशीर त्यात मावतात. मावतात ना, हे स्कोपवर बघूनच ठरवा. माझ्याकडे १५० किलोओहम लागले. चढाच्या आधी ड्राइव्हला मिळायचा तो अवकाश इंटिग्रेटरच्या थ्रेशोल्डच्या उशिरामुळे आपोआप मिळतो.

चर्प, आणि चर्पसारखं वाटणारं

चर्प ऐकू आला की बहुतेक जण ऑसिलेटर उघडतात. त्याआधी पीएचा पुरवठा तोडा, फक्त ड्राइव्ह चालू-बंद करा आणि रिसिव्हरवर ऐका. चर्प अजूनही असला तर दोष ऑसिलेटर किंवा त्याच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरमध्ये. गेला तर पीए पाठीमागे काहीतरी ओढतोय: सामाईक जमिनीची बारीक तार, एकच पुरवठ्याची वाट, किंवा आरएफ आत शिरतंय. डमी लोडवर स्वच्छ आणि अँटेनावर घोगरा, असं असेल तर की-वायरवर फेराइट आणि की-जॅकवर १० नॅनोफॅरड लावा, बहुधा तिथेच निपटतं.

तिसरा प्रकार फसवा. वारंवारता जागेवर आहे, पण प्रत्येक डिटच्या सुरुवातीला आणि शेवटी एक "टिव्" येतो. हा पीएचाच. मॉस्फेटची स्वतःची आउटपुट कपॅसिटी व्होल्टेज कमी झालं की वाढते, आणि शून्याजवळ कैक पट वाढते. पुरवठा चढत असताना ती बदलत राहते, जाळ्याचं ट्यूनिंग सरकतं, फेज सरकते. तीन बीएस१७० ची दहा व्होल्टवर मिळून साधारण ५० पिकोफॅरड, माझ्या १९० मधला पाव हिस्सा. उरलेले १४० एनपीओ सिरॅमिकमध्ये, ते हलत नाहीत. आयआरएफ५१० लावला तर एकट्याची २५ व्होल्टवर ऐंशीएक, आणि खाली आणखी. ७ वर जमून जातं. २१ मेगाहर्ट्झवर मात्र लागणारा कॅपॅसिटरच तिसऱ्या हिश्शावर येतो आणि सगळा कारभार मॉस्फेटच्या मर्जीवर चालतो. तिथे कमी कपॅसिटीचा मॉस्फेट शोधणं हाच उपाय, ट्रिमर फिरवून काही होत नाही. मी फिरवला आहे.

बॅकवेव्ह

ड्राइव्ह मागे रेंगाळतो म्हटल्यावर हा येणारच. पुरवठा शून्य असला तरी ड्राइव्ह गेट-ड्रेन कपॅसिटीतून पुढे झिरपतो आणि की सुटलेली असताना मागे बारीक टोन राहतो. ड्राइव्ह उतारानंतर दोन-तीन मिलिसेकंदांतच बंद होत असेल तर तो कुणाला कळत नाही. शब्द संपेपर्यंत ड्राइव्ह चालूच ठेवणारी सोपी मांडणीही पाहिली आहे. ती डमी लोडवर निर्दोष वाटते, जवळच्या स्टेशनला मात्र डिटच्या मधल्या जागा भरल्यासारख्या ऐकू येतात.

अँटेना रिसिव्हरकडून ट्रान्समीटरकडे वळवायला रिले वापरत असाल तर तो ड्राइव्हच्याही आधी लागला पाहिजे आणि सगळ्यात शेवटी सुटला पाहिजे. छोट्या रिलेलाही संपर्क स्थिरावायला पाच ते दहा मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ पहिल्या डिटच्या तोंडून जातो. कीअर असला तर संपूर्ण माळच तेवढी उशिरा सोडता येते, म्हणजे पहिला डिट तोकडा होत नाही. साध्या कीवर ही सोय नाही. मी साध्या कीने पाठवताना रिले हाताने टाकतो.